वरच्या पाच तारा

कापसाचं जिन बंद झाल्याचा शेवटचा भोंगा वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी यवतमाळच्या मोटारस्टँडवर उभा होतो. जवळ तीन वस्तू होत्या. एक ट्रंक, एक छागल (पाण्याची कॅनव्हासची पिशवी) आणि गोधडीत बांधलेलं स्वरमंडळ.

वाचकांपैकी ज्यांनी हे वाद्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटाएवढी पोकळ लाकडी पेटी, एका अंगाला तिरपी कापलेली. तिच्यावर छत्तीस तारा ताणलेल्या. मांडीवर घ्यायची आणि बोटांनी छेडायची. गवई लोक ती स्वर धरण्यापुरती वापरतात. मी तिच्यावर चाली वाजवतो. वीस वर्षांपूर्वी एका गवयाच्या साथीला होतो, त्यानं जाताना ती माझ्याकडे ठेवली. पोटाचा धंदा माझा दुसराच आहे. कापसाच्या जिनमध्ये मी वजनकाट्यावरचा कारकून. कापूस संपला की जिन बंद होतं आणि नेमकी तेव्हाच लग्नं सुरू होतात, म्हणून उन्हाळ्याचे दोन महिने मी मांडवामांडवातून वाजवतो.

त्या वर्षी तीन आमंत्रणं होती. पहिलं आर्णीचं, दुसरं महागावजवळच्या एका तांड्याचं आणि तिसरं पुसदचं. तीन ठिकाणं, आठ दिवस. पुसदला माझी मुलगी इंदू दिलेली आहे. तिच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि ती एकदाही माहेरी आली नव्हती. दोन दिवाळ्या गेल्या. मी चार पत्रं टाकली, चार उत्तरं आली. चारही उत्तरांत 'इकडे सर्व खुशाल' एवढंच. मला तिला विचारायचं होतं की तू येणार आहेस की नाही. त्यासाठीच मी निघालो होतो. वाजवणं हे निमित्त.

ती का येत नव्हती ते मला ठाऊक होतं. तिची आई ती आठ वर्षांची असताना गेली. घरात आम्ही दोघंच. तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी वऱ्हाडातल्या एका वडीलधाऱ्यानं म्हटलं, "काटेबाबू, मोटार हलेपर्यंत वाजू द्या." मी वाजवत राहिलो. दाराकडे पाठ करून बसलो होतो. मोटार हलल्याचा आवाज ऐकला, तरी उठलो नाही. लोक म्हणाले, बापानं मुलीला सुरांनी वाटे लावलं. खरं असं की मला बाहेर यायची हिंमत झाली नव्हती.

मोटारीचा कंडक्टर पोरसवदा आणि तोंडाळ होता. त्यानं गोधडीकडे बोट केलं.

"बाबूजी, हे टपावर टाका."

"टपावर नाही जमणार. आत छत्तीस तारा आहेत."

"मंग सीटवर ठेवान त तिकीट काढा. फुल का हाफ? बारा वर्साच्या आतली हाये काय?"

"वीस वर्षांची आहे."

"मंग फुल," तो म्हणाला आणि त्यानं खरंच पूर्ण तिकीट फाडलं. मागच्या बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. पण लग्न होईपर्यंत त्या सीटवर इंदू बसायची, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

यवतमाळ ते आर्णी मोटार चौदा वेळा थांबली. त्यातली एक खेप पंक्चरची. आम्ही सगळे रस्त्याकडेच्या निंबाखाली बसलो. सागाची झाडं पार नागडी झाली होती आणि पानगळीचा खच मोटारीच्या वाऱ्यानं उडून पुन्हा तिथंच बसत होता. एका म्हातारीनं मला तेंदूची (टेंभुर्णीची) तीन फळं दिली आणि विचारलं, "एकलेच हा काय?" मी हो म्हटलं. तिनं आणखी दोन दिली.

आर्णीला अरुणावती नदीच्या अलीकडे एका वस्तीत लग्न होतं. मुलीचा काका लहानूजी मला घ्यायला आला होता. साठीचा, उंच, अंगात धुतलेला पांढरा सदरा. या घरानं बौद्ध धर्म घेतला त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. लग्न नव्या रीतीचं. निंबाच्या डहाळ्यांचा मांडव, आत पांढरं कापड अंथरलेलं, नवरानवरी दोघं पांढऱ्या कपड्यांत. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी वंदना म्हटली, हार घातले गेले. मी घड्याळ पाहिलं. सगळा विधी पंचवीस मिनिटांत झाला. इतकं नेटकं लग्न मी तोवर पाहिलं नव्हतं.

मला मांडवाच्या मधोमध, नवरानवरीच्या डाव्या हाताला बसवलं होतं. वाजवणाऱ्याला अशी जागा कोणी देत नाही. मी लहानूजीला तसं म्हटलंही.

"तीस वर्स डफडं वाजवलं मी," तो म्हणाला. "लग्न लोकाइचं, अन् मी मांडवाच्या बाहीर, उन्हात. जेवाले बलावत ते सगळ्याइच्या मागून. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो अन् डफडं खुंटीवरून काढलं ते काढलंच. मंग मनात व्हतं, आपल्या पोरीच्या लग्नात वाजवणारा मांडवाच्या आत बसला पाह्यजे. म्हणून तुमाले इथं बसवलं."

मी वाजवलं. स्वरमंडळ लावायला मला पाऊण तास लागतो. त्या दिवशी उन्हानं तारा ढिल्या पडल्या होत्या म्हणून तास लागला. लोक शांत बसून ऐकत होते.

जेवण आलू-वांग्याची भाजी, वरणभात आणि बुंदीचं. ते झाल्यावर लहानूजी माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ तो सुपारी कातरत होता.

"बाबूजी, रागावणार नसान त एक सांगू?"

"सांगा की."

"वरच्या तारा बसल्या तुमच्या. पाच असन."

मी तारा लावायची किल्ली काढली. शेवटच्या पाच तारा, बत्तिसावी ते छत्तिसावी, एकेक करून छेडल्या. बोटाला तार लागत होती. कानाला नुसती टिचकी ऐकू येत होती. स्वर नव्हता. मी कान पेटीला लावला. तरी नव्हता. जिनच्या यंत्रांच्या आवाजात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यांनी मागून कधी काय नेलं ते मला कळलं नाही.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "चढी आहे की उतरली? तुम्ही सांगाल तसं मी फिरवतो."

त्यानं दोनदा प्रयत्न केला. मग मान हलवली. "बिघडली एवढं समजते. किती फिरवाची ते नाही समजत. माहा कान डफड्याचा हाये. हे काम तुमच्या घरच्याच कोनाचं असन."

ते काम इंदूचं होतं. ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर लग्नांना यायची. श्रोत्यांत बसायची आणि खुणा करायची. बोट वर म्हणजे तार चढवा. बोट खाली म्हणजे उतरवा. तळहात आडवा धरला म्हणजे बरोबर. लोकांना वाटे, पोरगी ताल धरते आहे. गेली दोन वर्षं मला खुणा करणारं कोणी नव्हतं. म्हणजे गेले दोन उन्हाळे मी लोकांना बेसूर तारा ऐकवत होतो आणि कोणी बोललं नव्हतं. लहानूजी पहिला.

मी त्याचे आभार मानले. मग घरातून थोडा कापूस मागून घेतला, त्याचा पेळू वळला आणि शेवटच्या पाच तारांखाली दाबून बसवला, म्हणजे त्या वाजणार नाहीत. काट्याला खोट असेल तर त्या काट्यावर माल मोजू नये, हे मी कामावर शिकलो आहे.

आर्णीहून महागावची मोटार दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. हा रस्ता मला आवडत नाही. चढउतार फार आणि सावली नाही. मैलांचे दगड नव्यानं रंगवत होते. काहींवर मैल होते, काहींवर किलोमीटर, त्यामुळे एकदा पुढं सरकलेलं गाव पुन्हा मागं जाई. आमच्या जिनमध्येही किलोचे काटे नुकतेच आले होते. नवं माप हाताशी येईपर्यंत जुनंच डोक्यात चालू राहतं. मी दोन्हींचा हिशेब करत बसलो, आणि तो संपल्यावर करायला काही उरलं नाही. शेजारच्या सीटवर गोधडी होती.

महागावला तांड्याचा भिकू नायक बैलगाडी घेऊन आला होता. हा दरवर्षी आमच्या जिनवर कापूस आणायचा. गाड्यांची रांग लागली की मी कधी कधी काट्याच्या खोलीत बसून वाजवायचो, तेव्हा तो दाराशी येऊन बसे. मुलीचं लग्न ठरल्याबरोबर त्यानं मला सांगून ठेवलं होतं. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता शेती करतात आणि आपल्याच वस्तीत, तांड्यात राहतात. घरात त्यांची आपली गोर बोली, आमच्याशी वऱ्हाडी.

तांडा दोन कोसांवर. चाळीसेक घरं, मध्ये मोहाचं जुनं झाड. बायकांच्या अंगावर आरशाची भिंगं बसवलेले कपडे, त्यामुळे ऊन एकीकडून दुसरीकडे उडत होतं. माझ्यासाठी वेगळं पिठलं केलं होतं, कारण मी मटण खात नाही हे नायकानं लक्षात ठेवलं होतं. ज्वारीची गरम भाकर आणि गुळाची लापशी. नायकाची आई, सगळा तांडा तिला याडी (आई) म्हणे, माझ्यासमोर बसून मी किती खातो ते पाहत होती.

"एवढंच? बाजा उचलनार कसा तू?"

"मांडीवर असतो, याडी. उचलावा लागत नाही."

"मंग मांडीत तरी दम लागन ना," ती म्हणाली आणि तिनं आणखी एक भाकर टाकली.

लग्न लागलं त्या दिवशी मी तीन तास वाजवलं. एकतीस तारांवर. लोकांना कमी काही वाटलं नाही. नायक खूश होता. मी माझ्या जागी एकटाच हसतमुख बसलो होतो, जसा दर लग्नात बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी निघायची होती. तिथली रीत अशी की नवरी रडते, पण कसंही रडत नाही. रडायचं गाणं असतं, त्याला ते ढावलो म्हणतात. लग्नाआधी कितीतरी दिवस मोठ्या बायका तिला ते शिकवतात. एकेका माणसाच्या गळ्यात पडून, त्याचं नाव घेऊन, त्याच्याशी आपलं काय होतं ते त्या सुरात सांगायचं. आजीपासून सुरुवात, बापाचं शेवटी. मग तिला बैलाच्या पाठीवर उभं करतात आणि तिथून ती सबंध तांड्याचा निरोप घेते.

ती आजीच्या गळ्यात पडली. मग आईच्या. भाषा मला समजत नव्हती, स्वर समजत होते. खालचे चार-पाच स्वर, तेच पुन्हा पुन्हा, आणि शेवटी एक वर जाऊन तुटणारा. मी मोहाखाली बसलो होतो. ते स्वर माझ्या तारांत होते. मला वाटलं, पोरीला आधार होईल. खरं तर मला काही वाटलं नाही. हात आपोआप गेला. असा प्रसंग आला की माझा हात तारांवर जातो.

मी चार तारा छेडल्या असतील. नवरी थांबली. सूर तिच्या तोंडून निसटला आणि ती नुसती बघत राहिली. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. याडी उठली, काठी न घेता चालत आली आणि तिनं आपला पंजा माझ्या तारांवर सपाट ठेवला. सगळं बंद झालं.

"बाबू," ती म्हणाली, रागानं नाही. "हे रडनं तिचं हाये. याच्यावर बाजा नाही वाजवत."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलं. बस आता उगामुगा." मग तिनं नातीला हाक मारून सांगितलं, ते मला नंतर कळलं, की पहिल्यापासून म्हण.

पोरीनं पहिल्यापासून म्हटलं. माझ्यामुळं आजी आणि आई दोघींचं तिला पुन्हा म्हणावं लागलं. शेवटी बाप. भिकू नायक अंगणाच्या मध्ये दोन्ही हात खाली सोडून उभा होता. ती त्याच्या गळ्यात पडली आणि तिनं सुरात जे काय सांगायचं ते सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तो काही बोलला नाही, तिला थोपटलंही नाही. फक्त हलला नाही. उन्हानं त्याच्या फेट्याखालून घामाचे ओघळ येत होते, ते त्यानं पुसले नाहीत.

वऱ्हाड गेल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. मी पुन्हा माफी मागितली.

"जाऊ द्या, बाबूजी. तुमाले कसं माहीत राहीन." तो माझ्या छागलेतलं पाणी प्यायला. "तुमालेही पोरगी हाये म्हणता ना. ती निघाली तवा तुमी काय वाजवलं?"

त्यानं ते साध्या मनानं विचारलं. गवयाला काय गायलं विचारावं तसं.

"भूप वाजवला. सव्वा तास."

"सव्वा तास?" तो म्हणाला. "मंग ती कोनाच्या गळ्यात पडली?"

"मावशीच्या."

त्यानं छागलेला बूच लावलं. मग म्हणाला, "मी कायले उभा राह्यतो मालूम? पोरीले समजलं पाह्यजे का बाप कुठं हाये. बस, एवढंच. आपन काही करत नाही तिथं."

महागाव ते पुसद मी मोटारीत गोधडी खाली पायाशी ठेवली आणि शेजारच्या सीटवर कोणाला तरी बसू दिलं. एक तेलाचे डबे घेतलेला माणूस बसला. त्याच्या डब्यानं माझं धोतर खराब झालं. पुसदला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. माझं आमंत्रण होतं तो स्वागत-समारंभ संध्याकाळी होता.

इंदूचं घर बाजारामागच्या गल्लीत. जावई शाळेत चित्रकलेचे मास्तर. ते कामानिमित्त बाहेर होते. विहीणबाईंनी ओसरीवर सतरंजी घातली, प्रकृती विचारली, पावसाचं विचारलं आणि समजूतदार बाई असल्यामुळे भाजी निवडायला आत गेल्या.

इंदू पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं वाकून नमस्कार केला. बारीक झाली होती. की मला तसं वाटलं.

"कधी निघाले होते, बाबा?"

"सात दिवस झाले. आर्णीहून, महागावहून आलो."

"उन्हाचे."

"हो."

तांब्या तिनं माझ्यापुढं ठेवला, पण जरा दूर. आमच्याकडे असं आहे की मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही पिऊ नये. मी अशा गोष्टी पाळणारा माणूस आहे, हे तिला माहीत होतं. म्हणून तर मी छागल घेऊन फिरतो. छागल भरलेली होती. ओसरीच्या खांबाला टांगलेली, आम्हा दोघांना दिसत होती.

मी गोधडी सोडली आणि स्वरमंडळ तिच्यापुढं सरकवलं.

"वरच्या पाच तारा मला ऐकू येत नाहीत, इंदू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तारांखालचा कापूस पाहिला. "हे कोनं घातलं?"

"मीच. बेसूर वाजवण्यापेक्षा बरं."

"कवापासून ऐकू येत नाही?"

"माहीत नाही. तू गेल्यापासून सांगणारं कोणी नव्हतं."

हे मी तक्रार म्हणून बोललो नव्हतो, पण ते तसं ऐकू आलं. तिनं बोटांनी पेळू अलगद ओढून काढला, किल्ली मागितली आणि बत्तिसावी तार छेडली. डोकं एका बाजूला कललं, तिचं कलायचं तसंच. किल्ली किंचित फिरवली. पुन्हा छेडली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, कारण तार मला ऐकू येत नव्हती आणि लागली की नाही हे तिच्या तोंडावरून कळत होतं. छत्तिसावीला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ती संपवून ती किल्ली परत देत होती तेव्हा मी बोललो. तिला बघत बोलता आलं नसतं, म्हणून किल्लीकडे बघत बोललो.

"तुझ्या पाठवणीला मी बाहेर आलो नाही. वाजवायचं होतं म्हणून नाही. मला येणं झालं नाही. भ्यालो होतो."

आत विहीणबाईंचा भाजी निवडायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"मी मोटारीत दोनदा थांबवलं डायवरले," इंदू म्हणाली. "म्हटलं, बाबा येऊन राह्यले, थांबा. मामंजी म्हणाले, ते वाजवून राह्यले, बाई, ते कसे येतीन. अन् मले ऐकू येत व्हतं ना. भूप वाजत व्हता, त्यात छत्तिसावी उतरली व्हती. म्हटलं, आता तार चढवा म्हणून बाबाले सांगन कोन." तिनं कापसाचा पेळू ओसरीवर ठेवला. "मले राग त्याचाच आला, बाबा. उतरली व्हती तरी तुमी वाजवतच व्हते."

मी तांब्या ओढला आणि पाणी प्यालो. सबंध तांब्या प्यालो. ती बघत होती. छागलेकडे तिनं एकदा पाहिलं आणि रिकामा तांब्या उचलला.

"येशील का घरी?" मी विचारलं.

"आता नाही. उन्हाळ्याचे पापड-कुरडया हायेत, आत्याबाईले एकटीले होत नाही." मग आत जाताना दारात थांबून म्हणाली, "दिवाळीले न्यायले येजा. चिठ्ठी नका धाडू. तुमी येजा."

स्वागत-समारंभ एका वखारीच्या मालकाच्या घरचा होता. शाळेच्या मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. लोकांनी हातात बशी घेऊन उभ्यानं खायचं, ही रीत तिकडे नवी होती आणि वडीलधारी मंडळी बशी घेऊन बसायला जागा शोधत फिरत होती. मला एका चौरंगावर बसवून पुढं माईक ठेवला. भोंगे झाडांवर बांधलेले. दोन माणसं माझ्यासमोर उभी राहून चिवडा खात होती.

"हे वाजून राह्यलं का लावून राह्यले?" एकानं विचारलं.

"लावून राह्यले असन," दुसरा म्हणाला. "वाजलं की समजनच."

मी छत्तीसही तारांवर वाजवलं. वरच्या पाच तारा आल्या की माझ्या कानात भोकं पडल्यासारखं होई. बोट तार ओढतं आहे आणि पलीकडे काही नाही. तिथं काही वाजतं आहे हे मी फक्त मानून चालत होतो. श्रोत्यांत मी सवयीनं बाईमाणसांच्या खुर्च्या पाहिल्या. इंदू नव्हती. येईल असं ती म्हणालीही नव्हती. दीड तास वाजवून मी पेटी गोधडीत बांधली. नवऱ्यामुलाच्या बापानं हार घातला आणि माझं नाव चुकीचं सांगितलं.

सकाळी सातच्या मोटारीनं परत निघालो. मोटारीत बसलो तोवर कोणी निरोपाला येईल अशी मला अपेक्षा नव्हती. मग जावईबापू सायकल हातात धरून येताना दिसले आणि त्यांच्या मागं दोन पावलं इंदू. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि मोटारीपासून दहा-बारा हातांवर थांबली. खिडकीशी आली नाही. जावईबापूंनी शिदोरी आत दिली आणि म्हणाले, "काल तुमचं सगळं आमच्या गच्चीवर ऐकू आलं. भोंग्याचं तोंड आमच्याकडंच व्हतं."

ड्रायव्हरनं मोटार सुरू केली. इंदू जिथं होती तिथंच उभी राहिली. हात खाली सोडलेले, काही न करता. मोटार वळणाला लागली तेव्हा तिनं उजवा हात वर केला. मला वाटलं निरोप देते आहे. हात हलला नाही. तळहात आडवा होता.

यवतमाळला पोचायला सात तास लागले. वाटेत मोटार किती वेळा थांबली ते मी मोजलं नाही.

घरी कुलूप काढलं. आठ दिवसांची धूळ, कोरडा माठ. शिदोरीत चार दशम्या आणि मिरचीचा ठेचा होता, तो बसून खाल्ला. मग स्वरमंडळ सोडलं आणि भिंतीशी ठेवलं. घरात दुसरं कोणी नसलं की तारांचा आवाज मोठा येतो, असं ही दोन वर्षं मला वाटायचं. आता छत्तिसातल्या एकतीस मला ऐकू येतात. पुढच्या वर्षी तीस येतील, कदाचित अठ्ठावीस. याचा हिशेब मला लागतो आणि त्यात खळखळ करण्यासारखं काही नाही.

वरच्या पाच तारांवर मी एकदा बोट फिरवलं. काही ऐकू आलं नाही. किल्लीला मी हात लावला नाही. दिवाळीपर्यंत त्या उन्हानं, मग पावसानं उतरतील हे मला माहीत आहे. त्या आधी मी त्यांना हात लावणार नाही. आज त्या लागलेल्या आहेत.